काचेच्या मापाचं चित्र

जव्हार संस्थान मुंबई राज्यात विलीन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. मी तेव्हा नाशिकच्या एका दैनिकाला जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांतल्या बातम्या पाठवत असे आणि जव्हारच्या पेठेत, तसबिरी मढवणाऱ्या एका दुकानाच्या माडीवर भाड्याने राहत असे. दुकानदार हाच माझा घरमालक. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, बोलताना समोरच्याच्या हातांकडे पाहणारा माणूस. लोक त्याला काचवाले म्हणत.

दुकानात देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो आणि कॅलेंडरची चित्रं मढवून मिळत. त्या काळात आणखी एक काम पुष्कळ येई. दरबारातले जुने गटफोटो फ्रेममधून काढून त्याच फ्रेममध्ये पुढाऱ्यांचे फोटो बसवून घ्यायला लोक येत. जुना फोटो परत मागत नसत. काही जण हळूच सांगत, तो मागेच राहू द्या. काचवाले तसं करत. पेठेतल्या किती भिंतींवर पुढाऱ्याच्या पाठीमागे दरबार बसलेला होता हे एकट्या त्यांनाच माहीत होतं आणि त्याबद्दल ते कधी बोलत नसत.

काच नाशिकहून बसच्या टपावर, गवतात गुंडाळून येई. घाटात बरीच फुटे. उरेल ती ठरावीक मापांची असे आणि तिला काच कापायची हिरकणी लावून लहान करणं काचवाल्यांच्या जिवावर येई. एक कड चुकली की सगळी काच वाया. म्हणून त्यांच्या दुकानात काच कागदासाठी कापली जात नसे, कागद काचेसाठी कापला जाई. कॅलेंडर आलं की खालची जाहिरातीची पट्टी ते न विचारताच उडवत. देवाच्या पायाशी विडीचं नाव कोण ठेवेल? गिऱ्हाइकांनाही तेच हवं असे. या सवयीबद्दल कुणाची तक्रार आल्याचं मी ऐकलं नव्हतं.

चित्र आणलं ते शेतकी खात्याच्या एका अधिकाऱ्याने. हे साहेब पुण्याचे, चाळिशीच्या आतले. सरकारने त्यांना वर्षभर हॉलंडला शिकायला पाठवलं होतं. परतल्यावर पुण्यातच नेमणूक होईल असं ते धरून चालले होते, ती जव्हारला झाली. ती कुणी तरी मुद्दाम केली असं त्यांचं पक्कं मत होतं. बायको पुण्यात होती. गावाबाहेरच्या एका भाड्याच्या बंगल्यात ते एकटे राहत आणि साखरेच्या डब्यालाही कुलूप लावत. आपलं टपाल वाटेत कुणी तरी उघडतं, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. मी पोस्टात चौकशी केली. त्यातून काही निघालं नाही. त्यावर ते म्हणाले, "निघणार कसं? तुम्ही त्यांनाच विचारलंत."

चित्राची माहिती त्यांनीच मला दिली. ॲमस्टरडॅमला एका संध्याकाळी ते कुणाच्या तरी सोबत एका सभागृहात गेले होते. तिथे एक तरुण कवी कविता वाचत होता. महायुद्ध संपल्यावर तिकडे जे नवे लोक पुढे आले त्यांतला तो एक. कविता लिहायचा आणि चित्रंही काढायचा. साहेबांना भाषा कळत नव्हती. "कविता कसली, भांडण चाललंय असं वाटत होतं," ते म्हणाले. बाहेर टेबलावर त्याच्या चित्रांचे छाप ठेवले होते. दगडावर चित्र काढून त्यावरून मोजक्याच प्रती छापलेले. साहेबांनी एक घेतला. त्या कवीने त्यांच्यासमोर चित्राखाली पेन्सिलीने सही केली, डाव्या बाजूला प्रतीचा आकडा टाकला, आणि तुम्ही कुठले म्हणून विचारलं. त्या वर्षभरात असं आपणहून विचारणारा तो एकच माणूस भेटला, असं साहेब म्हणाले. हे सांगताना त्यांनी खिडकी लावून घेतली.

मी चित्र पाहिलं ते काचवाल्यांच्या टेबलावर, मढवून झाल्यानंतर. जाड, पिवळसर कागद आणि काळी शाई. मधोमध एक प्राणी किंवा माणूस. दोन्ही डोळे चेहऱ्याच्या एकाच अंगाला, पापण्या नसलेले. दात शिडीसारखे. एक हात दाताळ्यासारखा पसरलेला, दुसरा नुसताच सुरू होऊन सोडून दिलेला. डोक्यावर पक्षी होता, किंवा टोपी. पोटात आणखी दोन लहान तोंडं. भोवती आडव्या-उभ्या रेघांची एक ओबडधोबड चौकट. सगळं एका दमात, हात न उचलता काढल्यासारखं. रेघ कुठे जाड, कुठे खरवडलेली. घाबरलेल्या माणसाचं चित्र की घाबरवणाऱ्याचं, हे मला ठरवता आलं नाही.

साहेबांनी देताना सांगितलं होतं, "नीट सांभाळा. छापलेलं असलं तरी हातचं आहे."

ते गेल्यावर काचवाले मला म्हणाले, "एक तर छापलेलं असेल, नाही तर हातचं. दोन्ही म्हणजे काही तरी गडबड आहे."

सरस वाळेपर्यंत दोन दिवस ते चित्र दुकानात दर्शनी भागात उभं होतं. येणारे-जाणारे थांबत.

"हे काय, मोखाड्याच्या नव्या रस्त्याचा नकाशा का?" कचेरीतल्या एका कारकुनाने विचारलं.

"नकाशाला डोळे असतात का, भाऊसाहेब?"

"सर्व्हेवाल्यांचा काही भरवसा नाही."

पूर्वी दरबारात मानकरी असलेले एक वृद्ध गृहस्थ काठी टेकून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "हे काढायला कोणी सांगितलं?"

"काढलेलं नाही, रावसाहेब. हॉलंडहून आलंय."

"नाक माझं आहे."

"तुमचं कसं असेल? तिकडच्या माणसानं तुम्हाला कुठे पाहिलंय?"

"मला कोणी कुठे पाहिलंय हे तू सांगू नकोस," असं म्हणून ते निघून गेले.

लाल बावट्याच्या सभांची धास्ती तेव्हा पोलिसांच्या मनातून गेलेली नव्हती. जमादार आले. त्यांनी चित्र समोरून थोडंच पाहिलं. "मागून दाखवा," म्हणाले. मागे नुसता तपकिरी कागद चिकटवलेला होता. त्यावर त्यांनी नखाने टकटक केलं. "आत पत्रक-बित्रक नाही ना?"

"नाही हो जमादारसाहेब. आत पुठ्ठा आहे."

"पुठ्ठा सगळेच सांगतात."

तिसऱ्या दिवशी चित्र न्यायला साहेबांच्या बंगल्यावर काम करणारी बाई आली. साहेब मोखाड्याकडे दौऱ्यावर होते. ही बाई जवळच्या साखरशेत गावची, वारली, पस्तिशीच्या आसपासची. नवरा साहेबांच्या नमुना-शेतावर पाणी धरायला होता. दोघं बंगल्यामागच्या झोपडीत राहत. ती केरवारा आणि भांडी करी. गावाकडे तिला मान होता तो वेगळ्या कारणाने. साखरशेतच्या आणि आसपासच्या पाड्यांवर लग्न निघालं की चौक काढायला तिला बोलावत.

चौक म्हणजे लग्नघराच्या आतल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढायचं देवीचं चित्र. तो सवाष्णींनीच काढायचा, उपाशीपोटी, लग्नाच्याच वेळी. काढून झाला की त्यावर कापड टाकतात, आणि भगताने देवांना हाका घातल्यावरच ते दूर करतात. चौकाशिवाय लग्न लागत नाही. एरवी, करमणुकीसाठी किंवा कुणी मागितलं म्हणून, ती देवी कुणी काढत नाही.

दुकानात येऊन बाईने चित्राकडे पाहिलं.

"ह्यो कोनाचा देव?"

"देव नाही, बाई. साहेबाचं चित्र आहे," काचवाले म्हणाले.

"याचं डोलं असं उघडंच ठेवलं?"

"ते साहेबाला विचार."

"इचारीन ना. मी काय भितंय का?" ती हसली. मग सोबत आणलेला गोणपाट चित्रावर नीट गुंडाळून, ते डोक्यावर घेऊन गेली.

साहेब दौऱ्यावरून परतले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात आले. शिपायाच्या हातात चित्र होतं. मी खाली टपालाची वाट पाहत बसलो होतो.

"हे माझं चित्र नाही," साहेब म्हणाले.

"तुम्ही दिलंत तेच आहे, साहेब."

"मग सही कुठे आहे?"

"सही?" काचवाले म्हणाले. "सही-बिही मी काही पाहिली नाही."

हे त्यांनी लगेच, विचार न करता म्हटलं. साहेब त्यांच्याकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे वळले. "तुम्ही साक्षीला आहात. इथे सही नव्हती असं हे म्हणतात. मी दिलं तेव्हा होती. म्हणजे मधल्या वेळात बदललंय. आणि मधल्या वेळात ते कुणाच्या हातात होतं?"

त्यांचा तर्क असा होता. खरं चित्र सहीमुळे मोलाचं. ते कुणी तरी लांबवलं आणि त्या जागी नक्कल बसवली. नक्कल हाताने काढलेली असणार. अशी चौकट, असे हात, अशा रेघा काढायची सवय असलेली एकच व्यक्ती त्यांच्या घरात होती. दौऱ्यावरून परतले त्या संध्याकाळी केर काढताना ती त्या चित्रासमोर थांबलेली त्यांनी पाहिली होती. खरं चित्र कुणाला विकलं असेल, या प्रश्नालाही त्यांच्याकडे उत्तर तयार होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. ज्याच्यावर संशय होता त्याला या गोष्टीची वार्ताही नव्हती.

त्या संध्याकाळी साहेबांनी मला बंगल्यावर बोलावलं. बातमी द्यावी अशी त्यांची अपेक्षा होती. ओसरीवर टेबलावर कागद ठेवला होता, शाईची दौत आणि टाक. बाई खांबाशी उभी होती. तिचा नवरा पायरीखाली.

"चौक काढतेस ना?" साहेबांनी विचारलं.

"काढतंय."

"यावर काढ. तुझा हात मला पाहायचाय. वेगळा असला तर तुझी सुटका. मीच तसं सांगेन."

बाईने कागदाकडे पाहिलं आणि मान हलवली. "नाय साहेब. असा नाय काढत."

"असा म्हणजे कसा?"

"लगीन नाय, भगत नाय. मी जेवलेली हाय. कशाव बसवू तिला? तुझ्या टेबलाव?"

"देवी नको काढू. दुसरं काही काढ. झाड काढ."

"झाड काढला का तू म्हनशील, चौक काढ. माना नाय काढायचा."

"येत नाही की काढायचं नाही?"

नवरा खालून म्हणाला, "साहेब, ती नाय बोलली का नाय. घरी पन असाच करते." तो हसवायला गेला होता. कुणी हसलं नाही.

साहेब माझ्याकडे वळून हलक्या आवाजात म्हणाले, "पाहिलंत? ज्याला काही लपवायचं नसतं तो काढून मोकळा होतो." मी त्यांना सांगितलं की मी पाहिलं ते एवढंच, की तिने काढायला नकार दिला, आणि एवढ्यावर बातमी होत नाही. त्यांना ते आवडलं नाही. मी कुणाच्या बाजूचा आहे हे कळलं, असं ते म्हणाले.

परत आल्यावर मी काचवाल्यांना सरळ विचारलं, चित्राच्या खालची पट्टी कापली का.

ते दिवा पुसत होते. "कापली. काच लहान होती ना."

"त्यावर पेन्सिलीचं काही होतं?"

"होतं काही तरी खरडलेलं. एका बाजूला आकडा, आडवी रेघ, परत आकडा. मला वाटलं छापखान्यातल्या पोरांनी मोजदाद केली असेल. चित्रावर कधी पेन्सिलीनं सही असते का?"

"मग साहेबांना सांगा."

"तुम्ही छापणार का हे?"

"छापण्यासारखं काही नाही. पण त्या बाईवर आळ येतोय."

"आणि माझ्यावर आला तर?" त्यांनी दिवा खाली ठेवला. "एकदा नाही म्हणून बसलोय. आता हो म्हटलं तर साहेब म्हणेल, पट्टी कापलीस, आणखी काय काय कापलंस? पेठ म्हणेल, याच्याकडे दिलेला फोटो तोच परत येतो कशावरून? माझ्याकडे काय काय मढवलेलं आहे ते तुम्हाला माहीत आहे." मग थोड्या वेळाने म्हणाले, "तुम्ही माझ्या माडीवर राहता हेही लक्षात ठेवा."

पुढच्या बाजारापर्यंत गोष्ट साखरशेतला पोचली होती, पण तिकडे ती बदलून गेली. सही, नक्कल, चोरी यातलं काही तिथे कुणी बोलत नव्हतं. तिथली गोष्ट अशी होती, की या बाईने साहेबासाठी देवी कागदावर काढली, काळ्या शाईने, लग्नाशिवाय, आणि साहेबाने ती काचेत घालून ठेवली. दिराचं लग्न महिन्यावर आलं होतं. त्याचा चौक हिनेच काढायचा ठरलेला होता. जिने देवी अशी विकली तिच्या हातचा चौक लग्नघरात कसा चालेल, आणि त्यापुढे कुठल्याही लग्नात कसा चालेल, हा तिथला प्रश्न होता. घरातल्या केरवाऱ्याचं काम गेलं असतं तर तिला दुसरं मिळालं असतं. हे गेलं असतं तर परत मिळणारं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी पाड्यावरची माणसं बंगल्यावर आली. पाड्याचा कारभारी, एक भगत आणि तिच्या नवऱ्याची म्हातारी चुलती. ही चुलती पूर्वी चौक काढायची. नवरा गेल्यापासून तिने ते सोडलं होतं. साहेबांनी मला निरोप पाठवला होता, बहुधा साक्षीदार असावा म्हणून. ओसरीवर चित्र खुर्चीत टेकवून ठेवलं होतं.

"हा काय?" म्हातारी वाकून पाहू लागली. "नुसता उजेडच दिसतंय. काच काढा."

साहेबांनी शिपायाला काचवाल्यांकडे पिटाळलं. काचवाले हत्यारांची पिशवी घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. जमिनीवर बसून त्यांनी फ्रेम उलटी केली, तपकिरी कागद फाडला, बारीक खिळे उपटले. पुठ्ठा काढला. चित्र हातात घेतलं, आणि ते साहेबांकडे देण्याआधीच, खाली पाहत म्हणाले, "साहेब, खालची पट्टी मी कापलीय. काचेच्या मापासाठी. त्यावर पेन्सिलीचं काही होतं."

ते आत्ताच का बोलले हे कागद पाहिल्यावर कळत होतं. त्याच्या तीन कडा जुन्या, फाटल्यासारख्या मऊ होत्या. खालची पांढरी, सरळ, ताजी होती. क्षणभराने ती कुणाच्याही लक्षात आली असती.

"त्या दिवशी नाही म्हणालात," साहेब म्हणाले.

"सही पाहिली नाही म्हणालो. सही आहे हे मला कुठे कळलं होतं?"

"आज हिची माणसं आल्यावर बरं आठवलं. किती दिले त्यांनी?"

"काय बोलता साहेब!"

कारभाऱ्याला हा वाद नको होता. "तुमचा पेन्सिलीचा तुम्ही बघा. आमाला एवढाच सांगा, ह्या चित्राला हिचा हात लागला का नाय?"

प्रश्न साहेबांना होता. तो त्यांना अडचणीचा होता. चित्र हिचं नाही म्हणायचं तर ते हॉलंडचं, म्हणजे आपलंच आहे, असं कबूल करावं लागलं असतं, आणि मग इतके दिवस जे बोलले ते सगळं मागे घ्यावं लागलं असतं. बाई खांबाशी, त्याच जागी उभी होती आणि साहेबांच्या तोंडाकडे पाहत होती.

साहेबांनी कागद घेतला आणि उलटा केला. मागच्या बाजूला, कोपऱ्यात, कपाच्या बुडाचा एक तपकिरी डाग होता. अर्धवट गोल. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं.

"हा माझ्या तिथल्या खोलीतला," ते म्हणाले. "टेबल लहान होतं." मग म्हणाले, "कागद माझाच आहे."

"अन चित्र?" म्हातारीने विचारलं.

"चित्रही माझं. हॉलंडचं."

"काल तर तू नाय म्हनत होतास."

"काल काचेआड होतं."

"काचेआड तुला बाई दिसली, तुझा डाग नाय दिसला?" म्हातारी म्हणाली.

भगत आतापर्यंत बोलला नव्हता. तो चित्राजवळ उकिडवा बसला आणि त्याने पोटातली दोन तोंडं, शिडीसारखे दात, पसरलेला हात असं एकेक निरखून पाहिलं. "आपली नाय," तो म्हणाला. "आपल्यातली कोनी नाय. पन हा कोनी तरी हाय. याला झाकत नाय का तुमी?"

"चित्र आहे. चित्र झाकून कसं ठेवणार?" साहेब म्हणाले.

"म्हंजे रातदिस हा बघतंय, अन तू खाली निजतंस?" म्हातारीने बाईकडे पाहिलं. "तू पन इथंच भांडी घासतंस."

कारभारी उठला. "साहेब, मंग सांग सगल्यांसमोर. हिनं नाय काढलां."

"नाही काढलं."

"लिहून देस?"

"लिहून कशाला?"

"उद्या तू परत उलटा बोलशील."

साहेब चित्र घेऊन आत गेले आणि दार लावून घेतलं. माणसं थोडा वेळ ओसरीवर थांबली. ते बाहेर आले नाहीत.

त्यानंतर साहेबांचा संशय काचवाल्यांवर स्थिरावला. पट्टी कुठे आहे ते सांगा, म्हणून ते रोज शिपाई पाठवत. काचवाल्यांना आठवत नव्हतं. अशा पट्ट्या ते काच खडखडू नये म्हणून दुसऱ्या फ्रेमांच्या कडेला घालत. त्या आठवड्यात मढवलेल्या दोन-तीन तसबिरी त्यांनी गिऱ्हाइकांच्या घरी जाऊन उघडून पाहिल्या. चौथ्या घरी मालकाने उघडू दिलं नाही. मागे काय आहे ते बघायला आलाय, असं त्याला वाटलं. काचवाल्यांनी शोध तिथे थांबवला. साहेबांनी मला सांगितलं, "जव्हारात कुणाच्या तरी देवामागे माझी सही आहे, आणि त्याला ते माहीत आहे." दुसरा भाग खरा मानायला मला काही आधार मिळाला नाही.

बाई बंगल्यावर परत गेली नाही. साहेबांनी बोलावणं पाठवलं होतं, पगार वाढवतो असंही कळवलं. तिने शिपायाबरोबर उत्तर पाठवलं, की आधी ते चित्र भिंतीवरून काढा. त्यांनी ते काढलं नाही. नवऱ्याने नमुना-शेतावरचं काम ठेवलं.

लग्नाचं मला तिच्या नवऱ्याने सांगितलं. मी साखरशेतला गेलो. भात केव्हाच निघालं होतं, शेतं मोकळी पडली होती, अंगणात मांडव होता. चौक काढायला तिलाच बसवलं होतं. शेवटपर्यंत कारभारी निर्णय देत नव्हता. दुसऱ्या पाड्यावरच्या एका बाईला विचारून झालं होतं, तिने नको म्हटलं. मग ठरलं, की हिनेच काढावा, पण म्हातारी चुलती सगळा वेळ शेजारी बसेल.

मी दारातून पाहिलं. भिंत गेरूने सारवलेली होती. ती बांबूच्या काडीने काढत होती. इतर सवाष्णी कडेच्या रेघा भरत होत्या. एरवी या कामात बायका बोलतात, गाणी म्हणतात, एकमेकींच्या चुका काढून हसतात, असं मला तिच्या नवऱ्याने सांगितलं. त्या दिवशी गाणं होतं, हसणं नव्हतं. म्हातारी भिंतीला टेकून बसली होती आणि तिची नजर काडीच्या टोकावरून हलत नव्हती. देवीच्या चेहऱ्याशी काडी आली तेव्हा म्हातारी पुढे सरकली. काडी थांबली.

"काढ ना," म्हातारी म्हणाली. "मी काय तुना हात धरलां का?"

"तू बघतंस असा, का माझा हात नाय चालत."

"बघायलाच बसवलंय माना. तू काढ."

चौक पुरा झाला, कापड पडलं. भगताने बराच वेळ गायलं. कापड दूर केलं तेव्हा मांडवातली माणसं दाराशी दाटली. एरवी लोक या क्षणी हात जोडतात आणि नवरानवरीकडे वळतात. त्या दिवशी ते पाहत राहिले. काही जण वाकून पाहत होते. एकाने डोळ्यांच्या जागेकडे बोट केलं, दुसऱ्याने त्याचा हात खाली ओढला. कारभाऱ्याने म्हातारीकडे पाहिलं.

"बेस हाय," म्हातारी म्हणाली. "आपलीच हाय."

त्यावर वाजंत्री सुरू झाली आणि लग्न लागलं.

बाईचा नवरा माझ्याजवळ उभा होता. तो सुटल्यासारखा दिसेल अशी माझी अपेक्षा होती. तो भिंतीकडेच पाहत होता. मी विचारलं, काय झालं. तो म्हणाला, दर लग्नात ती चौकाच्या बाहेर, झाडांच्या मध्ये, आपल्या मनाचं एक काही तरी काढते. गेल्या साली घाट चढणारी मोटार काढली होती, टपावर कोंबड्या बसवून. त्याच्या आदल्या साली शेतकी साहेब, टोपी घातलेला, हातात भाताची काडी. लोक पोट धरून हसले होते, आणि पुढच्या लग्नाला येताना विचारत, औंदा काय काढलां?

मी पुन्हा पाहिलं. चौकाभोवती झाडं होती, सूर्य, चंद्र, फणी, शिडी, नाचणारी माणसं. चौकात असायला हवं ते सगळं होतं. झाडांच्या मध्ये भिंत नुसती लाल होती.

बाई मागच्या अंगणात हाताचं पीठ धूत होती. कुणी तरी तिला जेवायला बोलावत होतं. ती तशीच हात धूत राहिली.